नाक्यावरचा पलंग

या मंडळी, पुढे सरका. मागच्यांनीही कान इकडे द्या. एका साहेबांची मान भर रस्त्यात कशी खाली गेली, ते सांगतो.

शहरातल्या मालवाहतुकीचा कारभार या साहेबांकडे. दिवसा पेठेत ट्रक शिरायचा नाही, नाक्यावर माल छोट्या टेम्पोत भरायचा, टेम्पोची नोंद आदल्या दिवशी करायची, हा नियम त्यांचाच. रस्ते मोकळे झाले, साहेबांचा सत्कारही झाला. अशात सासरे कायमचे राहायला यायचे ठरले. "बाबा, सामानाची काळजी सोडा. वाहतूक म्हणजे माझ्या हातचा मळ!" साहेबांनी छातीठोक सांगितलं, आणि टेम्पो सांगायलाच विसरले.

दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, बाबांचा ट्रक नाक्यावर अडवलाय! तुमचंच खातं ना ते?"

साहेबांनी कचेरीतल्या आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि नाक्यावर फोन लावला. "मी साहेब बोलतोय. तो पलंगवाला ट्रक सोड."

"साहेब?" चौकीदार खो खो हसला. "रोज एक नवा साहेब बोलतो! आमचा खरा साहेब सख्ख्या बापाचीही गाडी सोडायचा नाही. ठेव फोन!"

साहेब धावत पोचले, तोवर ट्रकवाला सामान उतरवून निघूनही गेला होता. रस्त्याच्या कडेला कपाट, शेजारी पलंग, पलंगावर सासरे.

चौकीदाराने खाडकन सलाम ठोकला. "साहेब, मघाशी एक भामटा तुमच्या नावाने फोन करत होता. असा झापला त्याला!"

"बरं केलंस," साहेब पुटपुटले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "आता एखादा टेम्पो..."

"नोंद कालच करायला हवी होती साहेब. आता संध्याकाळी नाका उघडला की ट्रकच बोलवा."

"याने फोन स्पीकरवर ठेवला होता," सासरे शांतपणे म्हणाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं साहेबांना झालं. "आवाज अगदी तुमच्यासारखा हो, जावईबापू! मी याला म्हटलं, छे, आमचे जावई असं करायचे नाहीत."

एवढं बोलून त्यांनी उशी बाजूला सारली आणि पलंगावर जागा केली. "टेका जरा. संध्याकाळपर्यंत मला सोबत होईल."

साहेब बसले. जेवणाची सुट्टी संपवून अख्खी कचेरी समोरून गेली. एकेकाने थांबून नमस्कार केला. साहेबांनी प्रत्येक नमस्कार मान खाली घालून घेतला.

देवाच्या दारीही, आपली सगळी लबाडी ठाऊक असूनही, आपल्याला अशीच जागा मिळत असेल. तेव्हा मंडळी, एवढंच मागणं: कधी कुणाची लबाडी तुमच्या हाती सापडली, तर उशी बाजूला सारणाऱ्या त्या सासऱ्यांची आठवण ठेवा.