उंबरीचे सत्कार

मुलांनो, नदीवरचा पूल कुणीतरी खाल्ला आहे. नाव मी घेणार नाही. ज्यानं खाल्ला त्याला अजून ढेकर येताहेत, तेव्हा त्याचं त्याला कळेलच.

तर एका जंगलात ही नदी होती. नदीच्या पलीकडे कॉलेज होतं. अलीकडे बिळं होती. मधे मगरी होत्या. पूल दरवर्षी मंजूर व्हायचा आणि दरवर्षी त्याचं भूमिपूजन व्हायचं. ती जमीन इतकी पूजली गेली होती की आता तिथं देऊळच बांधावं, अशी एक सूचना आली होती.

कॉलेज सर्वांसाठी खुलं होतं. तसं फाटकावर लिहिलंच होतं. पक्षी उडून जात. माकडं फांद्यांवरून जात. वाघाचा बछडा युवराज हत्तीच्या पाठीवरून जाई. बिळातल्या पोरांना कुणीही अडवलं नव्हतं. ती अलीकडच्या काठावर उभी राहून फाटकावरची पाटी खुशाल वाचू शकत होती. म्हणजे, ज्यांना वाचता येत होतं ती.

उंबरीला येत होतं. उंबरी ही साळिंदराची पोर. उंबराखाली जन्मली म्हणून उंबरी. बिळातल्या शाळेचे गुरुजी कासव होते. ते पावसाळ्याचा धडा शिकवायला निघाले की हिवाळ्यात पोचत. तोवर उंबरी पुढचे धडे आपले आपण वाचून ठेवी आणि उरलेल्या वेळात आईबरोबर कंद उकरी.

गेल्या वर्षी तिचा धाकटा भाऊ तापानं गेला. वैद्य पलीकडे राहायचा. अलीकडे यायला त्याला चिखल आवडायचा नाही. तेव्हाच उंबरीनं ठरवलं, आपण वैद्य व्हायचं.

आणि परीक्षेत ती सगळ्या जंगलात पहिली आली.

"आई, अमावास्येला सूर्य मावळायच्या आत प्राचार्यांपुढं जाऊन उभं राहायचं," उंबरी म्हणाली. "उभं राहिलं की प्रवेश. एवढंच."

"मग ऱ्हा की उभी," आई म्हणाली.

"नदी कोण ओलांडून देणार?"

"दंतेसाहेबांना इचारू. रोज जात्यात तिकडं. त्यांच्या पाठीवर आपली समदी आळी मावंल."

दंतेसाहेब म्हणजे हत्ती. कॉलेजचे तेच अध्यक्ष. मायलेकी निघाल्या, तर दारातच बेडूकसर. जंगलातल्या एकूण एक समारंभांचं सूत्रसंचालन बेडूकसर करत. त्यांना माइक लागत नसे.

"उंबरीताई, अभिनंदन! उद्या तुमचा जाहीर सत्कार!"

"सर, मला नदी ओलांडायचीय."

"अहो, मग प्रश्नच मिटला! प्रमुख पाहुणे दंतेसाहेबच आहेत. तिथंच सांगा की त्यांना."

म्हणून उंबरी सत्काराला गेली.

तिला शाल घातली. काट्यांवर शालीची चाळण झाली. नारळ दिला. दंतेसाहेब बोलायला उठले आणि बराच वेळ उठलेलेच राहिले. "ही पोरगी म्हणजे चिखलात उगवलेलं कमळ आहे!" ते म्हणाले. समोर चिखलात बसलेल्या रानडुकरांनी एकमेकांकडे बघितलं. पण टाळ्या वाजत होत्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

"साहेब, मला पलीकडं सोडाल का?" उंबरीनं स्टेजवरच विचारलं.

"जरूर विचार करू. परवा कोल्ह्यांच्या मंडळात सत्कार आहे ना तुझा? तिथं बोलू."

कोल्ह्यांच्या मंडळात शाल, नारळ आणि "लांडग्यांच्या सत्काराला भेटू". लांडग्यांनी कोल्ह्यांपेक्षा मोठी शाल आणली. मग सशांचा महिला विभाग. मग अखिल जंगल साळिंदर समाज. आपला समाज आहे आणि त्याला अध्यक्षही आहेत, हे उंबरीला त्याच दिवशी कळलं. भाऊ तापला होता तेव्हा ते बहुधा गावाला गेले असावेत.

घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आई नारळांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "कष्टाचं फळ म्हनत्यात त्ये ह्येच व्हय गं?"

अमावास्या उजाडली. उंबरीनं त्या दिवशीचे दोन्ही सत्कार टाळले. ती थेट काठावर जाऊन दंतेसाहेबांच्या वाटेत उभी राहिली. साहेब आले. पाठीवर युवराज झोपला होता. तो परीक्षेत शेवटून पहिला होता, पण राजघराण्याच्या राखीव जागेला गुणांची अट नव्हती.

"साहेब, आज शेवटचा दिवस. मला पाठीवर घ्या."

दंतेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हत्तीचं पाणी, म्हणजे बरंच आलं.

"पोरी, तुझं ओझं मला जड आहे का? पण तुझ्या जिद्दीचं काय होईल? तू सगळं स्वतःच्या हिमतीवर मिळवलंस. त्याला मी गालबोट लावू?"

"लावा," उंबरी म्हणाली. "खुशाल लावा गालबोट."

"नाही, नाही. माझं मन धजत नाही. मी मदत केली तर तुझी जिद्द मरेल."

"आणि युवराजांची जिद्द?"

"त्याला मुळातच नाही. त्यामुळं मरायचा प्रश्न येत नाही."

आणि हत्ती नदीत उतरून निघून गेला. उंबरीनं दात आवळून पाण्यात पाय घातला. समोर एक मगर वर आली.

"या, ताई," मगर म्हणाली. "आमचाही एक छोटासा सत्कार राहिलाय."

उंबरीनं पाय मागे घेतला. सूर्य मावळला.

मुलांनो, रडू नका. उंबरी रडली नाही. ती आईबरोबर कंद उकरायला गेली.

हिवाळा आला. गुरुजी पावसाळ्याच्या धड्याला पोचले. आणि एका सकाळी दंतेसाहेब स्वतः उंबरीच्या दारात. पाठीवर झूल, झुलीला घुंगरं. त्यांनी चक्क गुडघे टेकले.

"चल पोरी, बस. कॉलेजला जायचं."

उंबरीच्या अंगावरचा एक एक काटा उभा राहिला. ती चढून बसली. नदी ओलांडायला हत्तीला फार वेळ लागला नाही. "एवढंच होतं होय," असं उंबरीच्या मनात येतंय तोवर पलीकडचा काठ आलासुद्धा.

फाटकावर बेडूकसर ओरडत होते, "आजच्या स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्या! प्रवेश हुकला तरी न खचलेल्या, कुमारी उंबरी!"

तेव्हा उंबरीला सगळं समजलं.

प्राचार्य करकोचे एका पायावर उभे होते. उंबरीनं त्यांना नमस्कार केला. "सर, मी तुमच्यापुढं उभी आहे. आता द्या प्रवेश."

"अमावास्या होऊन गेली, बाळ. नियम सर्वांना सारखा. शिवाय तू विद्यार्थिनी झालीस तर प्रेरणा कोण देणार?"

उंबरी बोलायला उभी राहिली. "मी खचलेय," ती म्हणाली. "माझा भाऊ तापानं गेला. मला वैद्य व्हायचंय. मला शाल नको. मला वर्गात एक बाक द्या."

काय टाळ्या पडल्या म्हणता! दंतेसाहेबांनी सोंडेनं डोळे पुसले. युवराज धावत आला आणि त्यानं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

मग जेवणाची घाई झाली. उंबरी गुपचूप स्टेजवरून उतरली आणि वैद्यकीच्या वर्गात गेली. एक बाक नवाकोरा होता. युवराजचा. त्यावर अजून कुणी बसलंच नव्हतं. उंबरी बसली आणि तिनं सगळे काटे फुलवले.

शिपाई आला, त्याला काटे टोचले. प्राध्यापक आले, त्यांना टोचले. दंतेसाहेबांनी सोंड पुढं केली आणि लगेच मागं घेतली.

"ऊठ, पोरी. असं करू नये. जेवायला बासुंदी आहे."

"मी उठणार नाही. धडा सुरू करा."

प्राचार्यांनी दुसरा पाय खाली टेकला. असं फार गंभीर प्रसंगीच होई. तातडीची बैठक बसली. पोरीला हात लावता येत नव्हता. तिला शिकवणं तर नियमात बसत नव्हतं. शेवटी मार्ग निघाला.

दंतेसाहेबांनी सोंडेनं बाक उचलला. उंबरीसकट. अलगद, काटे टाळून. तो त्यांनी नदीपार नेला आणि बिळांपुढच्या चिखलात ठेवला. बेडूकसर पाण्यातून पोहत मागोमाग आलेच होते.

"ऐतिहासिक क्षण!" ते ओरडले. "अखेर कॉलेज बिळांच्या दारी!"

कोल्ह्यांनी आणि लांडग्यांनी श्रेयासाठी मारामारी केली. मग सगळे दंतेसाहेबांच्या पाठीवर बसून बासुंदीसाठी परत गेले. काठावर बेडूकसर तेवढे राहिले, कारण बाकाचं उद्घाटन व्हायचं होतं. उंबरी चिखलातल्या बाकावर तशीच बसून होती. समोर नदी होती. नदीपलीकडे धडा सुरू झाल्याची घंटा वाजली.

तात्पर्य : गुणवंताचा सत्कार होतो. प्रवेश परिस्थितीला मिळतो.

हे तात्पर्य ऐकून बेडूकसरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! काय वाक्य आहे!" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जी पोरगी पहिली येईल ना, तिच्या बॅनरवर हेच टाकू."