वानखडेभाऊ आणि टेकडीवरचा आवाज

वानखडेभाऊंनी एकदा भर बाजारात नवरदेवाची घोडी मागं सारायला लावली होती. कारण काय, तर घोडी उभी होती नेमक्या त्याच जागेत बिनतारीवर आवाज साफ येत होता.

साठ सालानंतरची गोष्ट. पुसदला पोलिसांच्या जीपवर मी ड्रायव्हर, आणि शेजारी बिनतारी यंत्र सांभाळणारे हवालदार वानखडेभाऊ.

‘हातभर पुढं घे, बाबाराव,’ हे दिवसभर चालायचं. घेतली की, ‘लई झालं. वीतभर मागं.’

एकदा मी वैतागलो. ‘भाऊ, हे जीप हाय का शिवायची मशीन?’

भाऊ शांतपणे म्हणाले, ‘टेकडीवरच्या चौकीतून आवाज निंघते एकच. पण एक सरळ येते, एक कापसाच्या जिनिंगच्या टिनावर आपटून येते, एक शाळेच्या भिंतीवरून. कुठं मिळून येतात, कुठं आपसात भांडतात. ते भांडले का आपण बहिरे.’

पुढे साहेबांचा पिच्छा पुरवून त्यांनी जीपच्या मागच्या टोकाला दुसरी एरियल बसवून घेतली आणि मधे एक खटका. ‘पुढची बहिरी झाली का मागची ऐकते. एकावर भरवसा ठेवू नाही.’

हे तत्त्व घरीही लागू होतं. छत्र्या दोन, कंदील दोन, चष्मे दोन. बायको वारल्यावर मात्र दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढला की उठून कंदिलाची काच पुसायला लागायचे.

टेकडीवरच्या चौकीत मेश्राम नावाचा ऑपरेटर होता. आमचे निरोप तो यवतमाळला पोचवायचा, तिकडचे आम्हाला. भाऊंनी आणि त्यानं एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण मेश्राम खोकला की भाऊ त्याला ज्येष्ठमध चघळायला सांगायचे. साहेब रागवायचे, ‘ही गप्पा मारायची जागा नाही!’

मी म्हटलं, ‘एकदा भेटून तरी या.’

‘कसा भेटू? मी वर गेलो तं खाली ऐकन कोण? अन् तो खाली आला तं वरून बोलन कोण?’

एका संध्याकाळी आम्ही बाजारातल्या टिनाच्या शेडांपाशी थांबलो होतो. तिथं एरवी नुसती खरखर. त्या दिवशी मात्र मेश्राम जीपमध्येच बसल्यासारखा बोलला.

‘वानखडेभाऊ, माही बदली झाली. चांद्याले चाललो. उद्यापासून दुसरा गडी बोलन. काही चुकलं-माकलं असन तं पोटात घाला.’

शब्द न् शब्द मला ऐकू आला. भाऊंनी बटण दाबलं. ‘आवाज तुटून राह्यला. पुन्हा सांगा.’

त्यानं पुन्हा सगळं सांगितलं.

‘अर्धंच आलं. पुन्हा.’

मी समोर बघत बसलो. मग मेश्राम हळूच म्हणाला, ‘भाऊ, तुमचा आवाज तं मले साफ येऊन राह्यला.’

भाऊंचा अंगठा बटणावरच थबकला.

‘हो,’ ते म्हणाले, ‘मलेही येऊन राह्यला. बोला तुम्ही.’