साठ चहांची चादर

परदेशातून फोन आला की अंबादासअण्णा समोरच्याचं नावसुद्धा न विचारता पहिला प्रश्न टाकतात, "तुमच्याकडं चहा केवढ्याला?"

समोरचा गोंधळतो. त्यानं सोलापुरी चादरीचा भाव विचारलेला असतो. पण अण्णांचा हिशेब पक्का आहे. "आमच्यात चहा दहाला, चादर सहाशेला. म्हणजे एक चादर साठ चहांची. आता तुमच्या पैशात कितीला पडती, तुमीच सांगा की."

दुबईचा माणूस गुणाकार करतो आणि फार कुरकुर करत नाही. लंडनच्या माणसाचं उत्तर एकशेऐंशी पौंड येतं आणि तो हबकतो. मग अण्णा खोलात शिरतात. हॉटेलातला चहा धरला का? घरी कोण करतं? दूध कसलं? आई इकडंच असती का? वीसेक मिनिटांनी निकाल लागतो. "राहू द्या. सहाशे रुपयेच द्या. सोलापुरात तुमचं कोण हाय? त्यांना भरायला सांगा."

गणित कितीही लांबलं तरी भाव सहाशेवरून हललेला मी ऐकलेला नाही. आणि मी पुष्कळ ऐकलं आहे. ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या आवाजाला फोनची गरज आहे असं कधी वाटलं नाही.

चादरींचं हे ऑनलाइन दुकान खरं तर त्यांची मुलगी पद्मा चालवते. फोटो, वेबसाइट, पार्सलं, सगळं तीच बघते. फोन मात्र अण्णांचा. सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत बसतात. अमेरिकेत त्या वेळी संध्याकाळ असते, एवढा भूगोल त्यांनी साठीनंतर कमावला आहे.

पद्माचं म्हणणं वेगळं होतं. परदेशी गिऱ्हाइकाला त्याच्या चलनात भाव दिसावा, त्याच्या कार्डावर पैसे भरता यावेत. सोलापुरात ज्याचं कुणी नाही, त्यानं काय करायचं? अशी माणसं वेबसाइटवर येतात, चादर निवडतात आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातात. अण्णांचंही उत्तर तयार असायचं. "पौंड आज एक, उद्या एक. चादर परत आली तर कुठल्या दिवसाच्या भावानं पैसे द्यायचे? मधे ब्यांक कापणार ते वेगळंच." दोन्ही बाजूंत तथ्य होतं. वाद सहा महिने चालला.

दिवाळीच्या आधी एका मंगळवारी तो संपवणं भाग पडलं. बर्मिंगहॅमच्या नीता नावाच्या बाईंना चाळीस चादरी हव्या होत्या. आईची पंच्याहत्तरी होती, पाहुण्यांना भेट द्यायच्या होत्या. त्यांचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. सोलापुरात त्यांचं कुणी नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या पाच वाजेपर्यंत पौंडात पैसे घेता आले तर ठीक, नाहीतर दुसरीकडून घेते.

साडेचारला पद्मा खाली आली. "दादा, वर चला. तुमी पेपरात लिहिता, तुमचं तरी ऐकतील."

अडचण अशी होती. परदेशी चलनं चालू करायची कागदपत्रं आठवड्यापूर्वीच मंजूर झाली होती. उरला होता खातेदाराचा होकार. खातं अण्णांच्या जुन्या चादरींच्या कारखान्याच्या नावावर, म्हणजे अण्णांचंच. होकाराचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येणार होता, आणि मोबाइल त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. खिशावर त्यांनी हात ठेवला होता.

"नान्ना, नंबर सांगा." त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. वडिलांना ती नान्ना म्हणते.

"त्या बाईला आधी फोन करायला सांग."

"त्या ऑफिसात हायत."

"मग सुटल्यावर करू दे. मी कुटं चाललोय?"

खिशात फोन वाजला. ओटीपी दहा मिनिटं चालणार होता. पद्मा लॅपटॉपसमोर बोटं रोखून बसली होती. अण्णा गॅलरीच्या बाहेर बघत होते. मी दोन्ही बाजूंना पटेल असं एक वाक्य बोललो, ते कुणीच ऐकलं नाही. चार सेहेचाळीसला पहिला ओटीपी वाया गेला. तिनं दुसरा मागवला.

"पेपरवाले, तुमीच सांगा," अण्णा म्हणाले, "न बघता, न बोलता माल विकायचा, हा काय धंदा झाला?"

"सगळे तसंच विकतात, अण्णा."

"सगळे पुण्याला जातात. म्हणून आमीबी जायचं व्हय?"

पुण्याचं नाव निघायला नको होतं. पद्माला तिथल्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती. कळवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि ही ऑर्डर हातची गेली तर होकार द्यायचा असं तिनं ठरवलं होतं. अण्णांना हे ठाऊक होतं.

चार त्रेपन्न. पद्माचा आवाज चढला. "नान्ना, त्या बाईला तुमच्याशी बोलायचंच न्हाय! त्यांना चादर पायजे. नुसती चादर!"

खालून फळांची गाडी ओरडत गेली. अण्णांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि सहा आकडे वाचले. एकेक, सावकाश. कारखान्यात बोलतात तशा मोठ्यानं.

चार अठ्ठावन्नला वेबसाइटवर पौंड दिसू लागले आणि पद्मानं नीताबाईंना तसं लिहून कळवलं. पाच वाजून एक मिनिटानं पैसे आल्याचा संदेश आला. इतक्या मोठ्या ऑर्डरला गिऱ्हाइकाशी एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

"कशा हायत गं बाई?" अण्णांनी विचारलं.

"मला काय माहीत? नाव न् पत्ता आलाय."

"व्हय, ते वाचलं." ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

मी निघालो. पद्मा जिन्यापर्यंत आली.

"असं तोडून बोलायला नको होतं मी," ती म्हणाली. "दादा, आमच्या कारखान्यात आठ माग होते. ते चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं न्हाय. नान्ना मागावर, आई समोर सुताच्या कांड्या भरायला. तीस वर्षं दोघं हातानंच बोलले. सूत तुटलं, पाणी दे, पोरगी शाळेतून आली. सगळ्याला खुणा. घरी आल्यावर दोघं इतके दमलेले असायचे की जेवायचे न् झोपायचे. माग विकायचं ठरलं तवा नान्ना आईला म्हणाले, आता निवांत बसून बोलू. पण मागांना गिऱ्हाईक मिळायच्या आतच आई गेली."

ती परत आत गेली. दार उघडंच होतं, जिन्यातून गॅलरी दिसत होती.

तिनं वडिलांना हाक मारली नाही. ती गॅलरीच्या दारात, त्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि उजव्या हातानं काहीतरी खूण केली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात हळूच वर आला. दोन बोटं, मग पालथा पंजा. तिनं मान हलवली आणि दोन्ही हातांनी उत्तर दिलं. ते हसले. तिचं काहीतरी चुकलं असावं, कारण त्यांनी तीच खूण नीट करून दाखवली आणि तिनं ती पुन्हा केली.

मी जिन्यात उभा होतो तोवर ते दोघं बोलत होते. मला त्यातलं काहीही कळलं नाही.