बारा पावलांचं फाटक

"अहो, शेजारून टेप आणा की!" जयवंताबाई तिसऱ्यांदा ओरडल्या. पण आबाराव ऐकतील तर शपथ! चपला काढून, टाचेला बोटं भिडवत, ते राजूरच्या आपल्या अंगणाच्या तोंडाशी एकेक पाऊल मोजत होते.

खूळ शिरलं होतं आदल्या दिवशी पारावर. तातेराव गुरुजी म्हणाले होते, "फूट म्हंजे इंग्रजीत पाऊल. तिकडं जुन्या काळी पावलानंच मोजायचे. कुण्या राजाचं पाऊल मापाला धरलं, असंबी म्हणतात."

"राजाला पाय होता, मंग मला काय खूर हाय?" असं म्हणत आबाराव बाराव्या पावलाला थांबले. "बराबर बारा फूट!"

घाई होती ती मेहुण्यापायी. "दाजी, तुमच्याकडं ढोरं अन् पाव्हणे एकाच भगदाडातून येतात," असं काकासाहेब मागं बोलून गेले, ते आबारावांच्या जिव्हारी लागलं होतं. सोमवारी नातवाचं बारसं. काकासाहेबांना लोखंडी फाटकातूनच मानानं आत आणायचं, असा त्यांनी हट्ट धरला होता.

रविवारी दुपारी जालन्याहून टेम्पोतून फाटक आलं. लावून पाहिलं तर दोन फूट जास्त! टेम्पोवाल्यानं टेप काढला. फाटक बारा फूट, वाट दहा फूट. अन् आबारावांचं पाऊल भरलं दहा इंच.

"राजा लई उंच असंल," जयवंताबाई म्हणाल्या.

"तू चूप बस. कचरू, दोन फूट भिंत पाड!"

कचरू गवंड्यानं पहार घातली. भिंत दगडमातीची, आज्याच्या वेळची. दोन फूट पडली, चार फूट पडली, मग धाडधाड करत कोपऱ्यापर्यंत गेली.

"अरे, थांब की!"

"मालक, मी कवाच थांबलो! भिंतच थांबून न्हाई राह्यली!"

तेवढ्या हादऱ्यानं पलीकडची भिंतही बसली. दिवस मावळेपर्यंत अंगणाच्या तोंडाशी कचरूनं रोवलेल्या दोन खांबांवर फाटक तेवढं ताठ उभं राहिलं. दोन्ही अंगांना मोकळं रान. तरी आबारावांनी त्याला कुलूप घातलंच, अन् मग ओट्यावर डोकं धरून बसले. उद्या मेहुणा गावभर हसणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी बायका डावीकडून आल्या, म्हातारे उजवीकडून आले, शेजारची शेळीही येऊन पत्रावळ्या हुंगून गेली. तेवढ्यात काकासाहेबांची जीप फाटकासमोर थांबली. आबारावांनी मान खाली घातली.

काकासाहेबांनी फाटक खालून वर न्याहाळलं. रंगावरून हात फिरवला.

"दादा, बाजूनं या की! वाट मोकळीच हाय!" जयवंताबाईंनी हाक मारली.

काकासाहेबांनी फेटा सारखा केला अन् तिथंच छाती काढून उभे राहिले.

"बाजूनं यायला मी काय शेळी हाय? दाजींना म्हणावं, फाटक उघडा!"

आबाराव किल्ली घेऊन पळत सुटले.