वेस्टा सरकली

विरूपाक्षअण्णांनी ठरवलं ते एवढंच, की पाहुणे घरात असले तरी दिवेलागणीनंतर पाच मिनिटं गच्चीवर जाऊन यायचं. पाच मिनिटांत कुणाचं काय बिघडतंय? (पाच मिनिटांत काय काय बिघडू शकतं, याचा अंदाज माणसाला लग्नाला वीस वर्षं झाली तरी येत नाही.)

अण्णांचं कोल्हापुरात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. गाव सोडून निघालेल्या एका साहेबाच्या घरचं सामान विकायला निघालं, तेव्हा अण्णा घंगाळ बघायला गेले आणि दुर्बीण घेऊन आले. पितळ आहे, मोडीत जाईल, असा हिशेब. मोडीत घालायच्या आधी त्यांनी एकदा डोळा लावून बघितलं आणि तिथंच सगळं फसलं. जोडीदारही तसाच मिळाला. शेजारचे त्र्यंबकराव मोजणी खात्यात ट्रेसर होते. दिवसभर लोकांच्या बांधांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी अण्णांच्या गच्चीवर येऊन आभाळाचे.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला दोघं 'वेस्टा'च्या मागं लागले होते. वेस्टा म्हणजे लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणाऱ्या हजारो धोंड्यांपैकी एक. दुर्बिणीतून ती ताऱ्यासारखीच दिसते. फरक इतकाच, की तारे जागचे हलत नाहीत आणि ही रोज थोडी सरकते, सध्या तर उलट्या दिशेनं. किती सरकते, ते मोजायचं होतं आणि मग तिच्यासारख्याच आणखी तीन लघुग्रहांकडं वळायचं होतं. त्र्यंबकराव दुर्बिणीत बघून ट्रेसिंग पेपरवर ठिपके काढत. मग आजचा कागद कालच्या कागदावर ठेवायचा. जो ठिपका जुळत नाही, ती वेस्टा.

नेमकी त्याच आठवड्यात कालिंदीला बघायला संकेश्वरची मंडळी आली. अण्णांची ही एकुलती एक लेक. नागाप्पा तंबाखूचे व्यापारी, बायको हिराबाई, आणि मुलगा. दुपारी यायचे ते वाटेत मोटार बंद पडल्यामुळं अंधार पडताना आले.

"आज आभाळाचं नावसुद्धा काढायचं न्हाई," शांतादेवींनी नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. "स्थळ चांगलं हाय. पोरीलाबी फोटो बघून मुलगा पसंत हाय. तुम्ही निस्तं बसा."

अण्णा बसले. उप्पीट खाल्लं. तंबाखूच्या भावाला मान डोलावली. एवढ्यात गच्चीच्या जिन्यातून त्र्यंबकरावांचं खाकरणं ऐकू आलं. "जरा दिवा बघून येतो," असं म्हणून अण्णा उठले ते हातही न धुता वर गेले.

त्र्यंबकरावांचा कागद तयार होता. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून कंदिलाला तांबडं फडकं गुंडाळलेलं, त्यामुळं उजेड बेताचाच. अण्णांनी उप्पिटाच्या बोटांनी कागद कागदावर ठेवला, डोळे बारीक केले आणि ओरडले. अण्णांचा आवाज म्हणजे बाजारात उभं राहून कमावलेला. खाली सोप्यात बसलेल्या पाहुण्यांपर्यंत शब्दन् शब्द पोचला.

"त्र्यंबकराव, सरकली की ओ!"

खाली नागाप्पांचा घास हातातच राहिला.

"किती?" वरून त्र्यंबकरावांनी विचारलं.

"लई! रोजच्यापेक्षा दुप्पट सरकलीया!"

"उलटी तर ती आधीपासूनच चालतेय," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले.

"दिवसा कुणाला पत्ता लागत न्हाई बघा. अंधार पडला की मग कळतंय!"

"बाहेर कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"छ्या! पावणं जाऊ देत. आजून तिघी हाईत, त्यांचंबी असंच आसणार."

सोप्यात हिराबाईंनी शांतादेवींकडं वळून हळूच विचारलं, "लेक एकच म्हणालासा न्हवं?"

"एकच की."

"मग त्या तिघी कोण?"

कालिंदी नेमकी चहा घेऊन दारात आली होती. वेस्टा कोण, हे त्या वेळी खाली तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावावा तर दोन्ही हातांत ट्रे. ती खुसखुसत उभी राहिली आणि कपबश्या वाजायला लागल्या. सरकलेल्या मुलीनं याहून वेगळं काय करायचं असतं?

अण्णा हर्षभरित होऊन खाली आले तेव्हा नागाप्पा एका पायात चप्पल घालून उभे होते.

"अण्णा, घरात कुणाचं काय आसंल तर आधी सांगायचं असतंय."

"कुणाचं काय?"

"सरकली म्हणालासा की! आमी काय भैरं हाय व्हय?"

"सरकलीच! ग्रह हाय तो."

"म्हंजे ग्रह बाधलाय!"

"बाधला न्हाई ओ, सापडलाय!"

हिराबाईंनी "शिवशिवा" म्हणून कपाळाला हात लावला. शांतादेवींचा चेहरा असा झाला, की अण्णांना एकदम सगळा उलगडा झाला. लेकीचं चांगलं जुळत आलेलं लग्न त्यांनी स्वतःच्या तोंडानं, तेही ओरडून, मोडलं होतं.

"पावणं, पाया पडतो," ते म्हणाले, "एकदा वर चला. मग जावा."

नागाप्पा गेले. त्र्यंबकरावांनी त्यांना दुर्बीण दाखवली, ठिपके दाखवले, कागदावर कागद ठेवून कुठला ठिपका सरकला तेही दाखवलं. नागाप्पांना आभाळातलं फारसं कळलं नाही, पण माल पारखण्यात आयुष्य गेलं होतं. त्यांनी तो ठिपका नखानं टोकरला. ठिपका नखाला चिकटून आला. त्यांनी तो उजेडात धरला, जिभेवर ठेवला आणि दातांखाली फोडला.

"मोहरी हाय ही," ते म्हणाले. "फोडणीतली."

अण्णांनी आपली उप्पिटाची बोटं निरखून बघितली.

"म्हणजे दुप्पट सरकलेली नाही," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांनी कागद पुन्हा नीट जुळवला. मोहरीच्या अलीकडं खरा शाईचा ठिपका होता. चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका सरकलेला, जसा सरकायला हवा तसाच. अण्णांनी झडप घालून दुर्बिणीला डोळा लावला. ती तिथं होती! बारीक, पिवळसर, ताऱ्यांच्या गर्दीत साळसूदपणे उभी. नागाप्पा कधी खाली गेले, हेही त्यांना कळलं नाही.

अण्णा खाली आले तेव्हा सोपा रिकामा होता. शांतादेवी कपबश्या गोळा करत होत्या.

"गेले व्हय?" अण्णांनी पडेल आवाजात विचारलं.

"गेले. पुढच्या सोमवारी साखरपुडा ठरलाय."

"आं? मला न विचारता?"

"दोनदा हाक मारली. 'आलो' म्हणालासा, आला न्हाई. हिकडं कालिंदीनं हिराबाईस्नी वेस्टाची समदी कथा समजावून सांगितली. मुलगा तर हसून हसून कोलमडला. म्हणाला, मला हीच पायजे."

अण्णा हळूहळू फुलले. त्यांनी छाती पुढं काढली. "आणि नागाप्पा? चप्पल घातलेला माणूस परत बसला, तो दुर्बिणीमुळंच की न्हाई?"

"व्हय," शांतादेवी म्हणाल्या. "दुर्बिणीमुळंच. म्हणाले, 'असा व्याही मिळायला नशीब लागतंय. रातभर आभाळाकडं बघतोय, म्हंजे पोरीच्या संसारात बघायला यायची भीती न्हाई.'"