दहापैकी साडेसहा

“अण्णा, आठ पूर्णांक सात!” जया ओरडतच ओसरीवर आली. “दहापैकी आठ पूर्णांक सात!”

कानिफनाथ सरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, लेकीकडं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “कशात?”

जया पुण्यातल्या एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लेखिका होती. गेमला लेखिका कशाला लागते, हे सोनईत सगळ्यांना समजावून सांगता सांगता ती थकली होती. तिनं लिहिलेला ‘पथक क्रमांक नऊ’ सोमवारी बाजारात आला. त्यात अचाट शक्ती असलेली पाच माणसं होती, तालुक्याच्या गावातलं एक मोडकं नियंत्रण केंद्र होतं, आणि खेळणाऱ्यानं नुसतं फोनपाशी बसून ठरवायचं होतं, की विहिरीत पडलेल्या बाईसाठी कुणाला पाठवायचं आणि रुसून बसलेल्या उडणाऱ्या नायकाची समजूत काय बोलून काढायची. मारामारी थोडी, बोलणं फार. परदेशातल्या एका नावाजलेल्या समीक्षकानं तर सहाव्या भागाच्या शेवटी आपण रडलो असं लिहून दहापैकी नऊ दिले होते.

पण जयाचा जीव टांगणीला लागला होता तो निराळ्याच कारणानं. तिच्या कंपनीचे कल्याण साहेब स्पष्ट बोलले होते, की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता खेळणाऱ्यांच्या गुणांची सरासरी आठच्या वर असली तर त्यापुढचा दुसरा गेम निघेल, नाहीतर लेखनाची टीम बंद. बंद झाली की जया पुन्हा शाम्पूच्या जाहिराती लिहायला मोकळी. आज मंगळवारी खेळणाऱ्यांची सरासरी आठ पूर्णांक सातवर होती. पुण्यात बसून हे चार दिवस काही निघेनात, म्हणून ती घरी आली होती.

“अण्णा, तुम्ही पण खेळा ना,” ती म्हणाली. “वेबसाइटवर विकत घ्यायचा, खेळायचा आणि तिथंच खाली गुण द्यायचे. दोन ओळी लिहा फक्त.”

“मी?” सर ताठ बसले. “मी माझ्या मुलीचा पेपर तपासू?”

सरांनी एकतीस वर्षं दहावीचे मराठीचे पेपर तपासले होते. यंदा माझ्या नात्यातलं कुणी परीक्षेला बसलेलं नाही, असं दरवर्षी लिहून देऊन सही करणारा हा माणूस. जया दहावीला होती त्या वर्षी त्यांनी तपासणीचं काम तर सोडलंच, वर निकाल लागेपर्यंत तिला मराठीचा पेपर कसा गेला हेही विचारलं नव्हतं.

“अण्णा, ही काय बोर्डाची परीक्षा आहे?”

“गुण आहेत ना? मग परीक्षाच. नात्यातला पेपर निघाला, की तो दुसऱ्या परीक्षकाकडं द्यायचा असतो.”

एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि ते वाचनालयात जातो म्हणून बाहेर पडले. जयाला वाटलं, विषय संपला.

बुधवारी सकाळी तिनं मोबाईल उघडला. सगळ्या अभिप्रायांच्या वर एक लांबलचक मराठी अभिप्राय झळकत होता. ‘कथाबीज चांगले. संवाद जिवंत. मात्र तिसऱ्या भागात उडणारा नायक चप्पल घरी विसरतो आणि पुढच्याच प्रसंगात ती त्याच्या पायात दिसते, हे कसे? शेवटाला घाई झाली आहे. प्रयत्न स्तुत्य. गुण साडेसहा.’ खाली नाव होतं, प्रभुदास, निवृत्त मराठी शिक्षक, सोनई.

प्रभुदास सरांनी जयाला पाचवीपासून दहावीपर्यंत मराठी शिकवलं होतं. त्यांची मुलगी नॅन्सी बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवायची. जया चप्पल अडकवून थेट तिथं पोचली. आत चार कॉम्प्युटरपुढं चार निवृत्त शिक्षक बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर फूलस्केप कागद आणि हातात लाल पेन. नॅन्सी एकेकाला बटणं दाबून देत होती.

“सर, साडेसहा?” जयानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

प्रभुदास सरांचा चेहरा फुलला. “वाचलंस? मग, पेढे कधी?”

“पेढे?”

“अगं, चौतीस वर्षांत निबंधाला सहाच्या वर मी दोनच पोरांना दिलेत. भाषेला पैकीच्या पैकी कुणी देत असतं का? सात गुण तर मी कागदावर कधी पाहिलेलेच नाहीत.”

“पण सर, इथं आठच्या खाली म्हणजे नापास धरतात!”

चारही लाल पेनं जागच्या जागी थांबली.

“आठला नापास?” प्रभुदास सरांनी हळूच विचारलं. “मग पास कोण होतं?”

“तुम्हाला हा गेम दाखवला कुणी?” जयानं विचारलं.

चौघंही नॅन्सीकडं बघू लागले. शेवटी नॅन्सी म्हणाली, “काल सकाळी तुझे अण्णाच आल्ते. म्हणले, घरातला पेपर हाय, मला चालत न्हाई, तुमी तपासा. आन् हात राखून तपासा म्हणले, उगाच लोकांनी बोट दाखवायला नको.”

जन्मदात्या बापानं जयाचा पेपर गावातल्या सगळ्यात कडक परीक्षकाच्या हवाली केला होता, आणि वर हात राखायला सांगितलं होतं!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. एका साडेसहानं सरासरीला काही होत नाही. पण नॅन्सीनं मोबाईल पुढं केला. प्रभुदास सरांच्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा ग्रुप होता आणि सरांनी आपला अभिप्राय तिथं टाकला होता. आपल्या जयाचा गेम म्हटल्यावर सोनईपासून पुणतांब्यापर्यंत सगळ्यांनी तो घेतला होता. घेतल्याशिवाय गुण देताच येत नव्हते. अडचण गुणांचीच होती.

पारनेरला टेम्पो चालवणाऱ्या अजिनाथनं लिहिलं होतं, ‘सरांनी साडेसहा दिलेत. आपण नऊ देणं बरं दिसत न्हाई. मी सहा दिले.’ त्याच्याखाली बजरंग, ‘मी बी सहा.’ त्याच्याखाली आणखी एक, ‘मी शाळेत ढ हुतो. मला सहा द्यायचा हक्क न्हाई. पाच दिले.’ मध्येच सहादेव नावाच्या कुणीतरी नऊ दिले होते, तर सगळा ग्रुप त्याच्यावर तुटून पडला होता. ‘सरांपेक्षा शहाणा झाला काय?’ सहादेवानं माफी मागून साडेपाचवर तडजोड केली होती. आणि अर्धवट खेळून सुटायची सोय नव्हती, कारण सर ग्रुपवर प्रत्येक भागावर पाच-पाच प्रश्न टाकत होते.

संध्याकाळपर्यंत सरासरी सात पूर्णांक तीनवर आली.

“अण्णा, काय केलंत हे?” जयानं घरी येऊन अक्षरशः टाहो फोडला. “प्रभुदास सरांनी साडेसहा दिलेत!”

कानिफनाथ सरांचा आ वासला. “साडेसहा? प्रभुदासनं? माझ्या निरोप समारंभाच्या भाषणाला त्यानं पाच दिले होते.”

जयानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची आई, मनकर्णाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. “जाऊ दे गं. मी दिलेत ना धा. धापैकी धा.”

“काय?” सर ताडकन उभे राहिले. “तू गुण दिलेस?”

“मग? माझी लेक हाय.”

“म्हणूनच! आधी काढ ते. उद्या कुणी तक्रार केली तर पेपरच रद्द होईल.”

जया नको नको म्हणत असताना सरांनी बायकोला समोर बसवून ते दहा गुण मागे घ्यायला लावले. मनकर्णाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, पण ताटाकडं बघून.

गुरुवारी जया पुन्हा क्लासमध्ये गेली आणि तिनं प्रभुदास सरांचे पाय धरले. “सर, माझी नोकरी जाईल हो. थोडे वाढवा.”

सर विरघळले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. “पण बेटा, तोंडी विनंतीवर गुण वाढत नसतात. पुनर्तपासणीचा अर्ज दे.”

जयानं तिथल्या तिथं अर्ज लिहिला. सरांनी तो वाचला, त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि गेम पहिल्यापासून उघडला. जया बाकावर बसून राहिली. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतूनही गेमचाच आवाज येत होता. दुपार कलली. अदृश्य होणारी नायिका पडद्यावर दिसेनाशी झाली आणि सर एकदम पुढं झुकले.

“नॅन्सी, थांब. ही दिसत नाही ना? मग भिंतीवर सावली कुणाची?”

जया बाकावरून उठून उभी राहिली.

“अर्धा गुण कमी झाला गं,” सर फार दुःखी आवाजात म्हणाले. “सहा. सुधारित गुणच अंतिम धरावे लागतात.”

तासाभरात ग्रुपवरच्या सगळ्यांनी आपापला अर्धा गुण कमी केला. कुणाचे सहाचे साडेपाच झाले, ढ माणसाचे पाचचे साडेचार. सरासरी सात पूर्णांक एक. जयानं मोबाईल बंद करून उशीखाली ठेवला आणि शाम्पूच्या जाहिरातीत काय काय लिहितात ते आठवू लागली.

शुक्रवारी बरोबर पाचला फोन वाजला. मनकर्णाबाई नि सर दोघंही ओसरीवर होते, म्हणून जयानं स्पीकर लावला. एकटीनं ऐकायची तिची छाती नव्हती.

“जया, सरासरी सात पॉइंट एक आहे,” कल्याण साहेब म्हणाले. “आठ म्हणालो होतो मी.”

“हो, सर.”

“पण हे सोनई काय प्रकरण आहे? मालकांना वाटलं, खोटी खाती असणार. म्हणून एकेक तपासायला लावलं. चारशे बारा माणसं, जया! सगळी खरी. आणि सगळी शेवटपर्यंत खेळलीत. इकडं नऊ-नऊ, दहा-दहा देणारे निम्मे लोक दुसऱ्या भागातच पळालेत. ती चप्पल नि ती सावली तर आमच्या तपासणाऱ्या पोरांनाही दिसली नव्हती. मालक म्हणाले, इतक्या बारकाईनं बघणारी माणसं मिळत असतील तर सरासरी गेली खड्ड्यात. दुसरा गेम करायचा. फक्त संवादांच्या रेकॉर्डिंगच्या आधी सगळं लिखाण त्या प्रभुदास सरांकडून तपासून घे.”

आनंदानं ओरडावं की त्या लाल पेनाच्या धास्तीनं रडावं, ते जयाला कळेना.

“आणखी एक,” साहेब म्हणाले. “गावात तुझं कुणाशी वैर आहे का? अख्ख्या यादीत एकच शून्य आहे, ते पण सोनईचंच. या गृहस्थांनी पूर्ण गेम तीनदा खेळलाय. एकवीस तास! आणि दिले शून्य. थांब, वाचतो. ‘लेखिका माझी कन्या असल्याने मला गुण देण्याचा अधिकार नाही. तिसऱ्या वेळीही सहाव्या भागाशेवटी चष्मा पुसावा लागला.’”

फोन कधी बंद झाला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. जया अण्णांकडं बघत राहिली. रोज टोपी घालून दिवसभर वाचनालयात म्हणून जाणारे अण्णा नॅन्सीच्या क्लासच्या त्या मागच्या खोलीत बसत होते तर!

पण सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “शून्य? मी शून्य नाही दिलं. मी रकाना कोरा ठेवला.”

“कोऱ्याला शून्यच धरतात तिथं, अण्णा.”

“म्हणजे माझ्या हातून... माझ्या लेकीला...” सर खांबाला धरून खाली बसले. “अगं, एकतीस वर्षांत ज्यानं नुसता प्रश्न उतरवून काढला त्यालासुद्धा मी अर्धा गुण दिलाय.”

“मग द्या की आता!” तीन दिवसांत मनकर्णाबाई पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या. “बाप हायसा का कोन?”

सरांनी मोबाईल मागून घेतला. चष्मा पुसला. रकान्यावर बोट नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. दहावीच्या निकालाच्या यादीवरही जयानं कधी एवढी नजर लावली नसेल. शेवटी त्यांनी एक आकडा दाबला आणि मोबाईल तिच्या हातात दिला.

सात.

“साडेसात झाले होते,” सर दुसरीकडं बघत म्हणाले. “नात्यातला पेपर म्हणून अर्धा कापला.”

त्या वेबसाइटच्या हिशेबानं सात म्हणजे नापास होते. जयानं त्या साताचा फोटो काढला, डोळे पुसले आणि तो पहिल्यांदा प्रभुदास सरांना पाठवला. दोन मिनिटांत सरांचा घाबराघुबरा फोन आला.

“जया, कानिफनाथची तब्येत बरी आहे ना गं?”