समजासाहेबांची हजेरी

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि आमच्या कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर सुभेदार मोरे नेमके माझ्या व्याह्यांशेजारी बसले. "पाव्हणं, समजा, आत्ता मांडवाला आग लागली. तुमी कुठल्या बाजूनं पळणार?"

व्याह्यांची जिलबी हातातच राहिली. ते माधवनगरचे साधे कापड व्यापारी. नंतर ते जेवले कमी आणि मांडवाच्या दाराकडं बघत बसले जास्त. मी कपाळावर हात मारून घेतला.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना. तिथं मोऱ्यांना तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागं 'समजासाहेब'. फौजेतून निवृत्त झाले, पण फौज काही अंगातून गेली नाही. मी अकाउंट्सला. पगाराच्या गडबडीत असले की हे हमखास दारात उभे. "ताई, समजा, आत्ता भूकंप झाला."

"आवं, होऊ दे की! पगार झाल्यावर होऊ दे!"

एकदा मीच वैतागून म्हणाले, मी मूळची सांगलीची, पुरात आमचं कपाट तरंगताना बघितलंय, मला काय शिकवता? चूकच झाली. साहेब खुर्ची ओढून बसले. कपाट उभं तरंगत होतं का आडवं? दार उघडं होतं का? त्या दिवशी माझं एक काम झालं नाही.

त्यांचा खरा जीव मॉक ड्रिलमध्ये. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी गेटजवळच्या वडाखाली जमायचं. मग साहेब हजेरी घ्यायचे. सगळ्या कारखान्याची नावं त्यांना तोंडपाठ. शेवटचा माणूस बोलेपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. मालक एकदा नुसतं "हं" म्हणाले. "हं न्हाई साहेब, हजर म्हना." मालक मुकाट्यानं हजर म्हणाले.

आणि गेल्या उन्हाळ्यात पॅकिंगला खरंच आग लागली.

गंमत अशी, की कुणी घाबरलंच नाही. इतक्यांदा पळालो होतो, पाय आपोआप वडाकडं वळले. साहेब मला म्हणाले, "ताई, हजेरी तुमी घ्या. मी आत एक चक्कर मारून येतो." ऐकून ऐकून नावं मलाही पाठ झाली होती. एकूण एक हजर! टाळ्या पडल्या. बंब आला, कॅन्टीनमधनं चहा आला. मी कप तोंडाला लावला आणि एकदम चुकल्यासारखं वाटलं. एवढा गरम चहा वाटला जातोय, आणि 'समजा, सांडला' असं कुणीच कसं म्हणत नाही?

"अगं बाई! साहेब कुठायत?"

हजेरी कायम तेच घ्यायचे. त्यात त्यांचं स्वतःचं नाव कधी नव्हतंच. बंबवाले आत धावले. कुणी राहिलंय का बघायला साहेब बाथरूममध्ये शिरले आणि दार अडकलं, तोंडावर ओला रुमाल धरून आत बसले होते. बाहेर आणलं तेव्हा पांढऱ्या मिशा काळ्या झालेल्या. खोकत खोकत पहिला प्रश्न, "सगळी हजर?"

"सगळी," मी म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

"आता रडताय कशाला? माझं नाव हजेरीत न्हवतंच की. आवं, घरी तरी कोन घेतंय माझी हजेरी? आमची मंडळी गेल्यापास्नं सवय हाय." पावसापाण्याचं बोलावं इतक्या सहज बोलले.

महिन्याभरानं परत भोंगा. परत वड. साहेबांनी शेवटचं नाव घेतलं, आता "डिसमिस" म्हणणार, तोच मी जीव खाऊन ओरडले, "सुभेदार दत्ताजी मोरे!"

साहेब मागं वळून बघायला लागले, दुसरा कोणी मोरे उभा आहे की काय म्हणून. मग समजलं. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, पण आवाज काही फुटेना.

"हजर म्हणा, साहेब," मालक म्हणाले.

"हजर हाय." मग त्यांनी रुमाल काढून बराच वेळ मिशा पुसल्या. मला वाटलं, आता सोडतील घरी. कसलं काय! माझ्याकडं वळलेच.

"ताई, समजा, तुमी रजेवर गेला. मग माझं नाव कोन घेनार?"

वडाखाली जेवढे हात होते तेवढे वर गेले. मालकांचासुद्धा.